कनेक्सिन ४३ काढून टाकला तरी हृदय धडधडतंच, मग तो करतो तरी काय?

निवांतपेशी
मंडळी, पुढच्या आठवड्यात मला जर्नल क्लबमध्ये बोलायचंय. विषय आहे गर्भातल्या हृदयात विजेचा संकेत कसा पसरतो आणि त्यात गॅप जंक्शनच्या, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या बोगद्यांच्या, प्रोटीनांचा (कनेक्सिनांचा) हात किती. वाचून वाचून डोकं भणाणलंय, म्हणून इथे टाकतेय.

आत्तापर्यंत मला जे कळलंय ते असं. कनेक्सिनचे सहा रेणू गोल बसले की पेशीपटलात एक अर्धी नळी तयार होते, शेजारच्या पेशीची अर्धी नळी समोरून येऊन तिला जुळली की आरपार बोगदा. त्यातून आयन इकडून तिकडे जातात, एक पेशी पेटली की शेजारीण पेटते, तिची शेजारीण पेटते, असं करत ठोका पसरतो. हृदयाच्या स्नायूत सगळ्यात जास्त असतो तो कनेक्सिन ४३. इथवर ठीक.

आता अडचण. १९९५ मध्ये उंदरांमध्ये या ४३चं जनुक पूर्ण बंद केलं गेलं. मला वाटलं होतं की हृदय सुरूच होणार नाही. पण पिल्लं दिवस भरून जन्माला आली, पोटात असेपर्यंत हृदय व्यवस्थित चालू होतं, आणि जन्मल्यावर थोड्याच वेळात मेली. तीही ठोका बिघडून नाही, तर उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) फुप्फुसाकडे रक्त जायची वाट सुजून बंद झाल्यामुळे. म्हणजे वायर कापली आणि नळ तुंबला! हे काय गौडबंगाल आहे? कुणी नीट समजावेल का?

टपलीमास्तर
इलेक्ट्रिशियन येऊन गेला की आमच्याकडे नेहमी असंच होतं.

मुक्तछंदी
वाचतेय. एक बाळबोध प्रश्न, हसू नका. ४३ म्हणजे असे त्रेचाळीस कनेक्सिन आहेत का?

लॅबकीटक
@मुक्तछंदी, हसण्यासारखं काही नाही, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी हाच समज घेऊन फिरत होतो. ४३ हा अनुक्रमांक नाही, वजन आहे, किलोडाल्टन या रेणूंच्या वजनाच्या मापात. माणसात कनेक्सिनची जनुकं २०-२१ आहेत. हृदयाच्या स्नायूत महत्त्वाची तीन: ४०, ४३, ४५. उंदरात ३०.२ नावाचा चौथाही नोडमध्ये, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या किंवा पुढे पाठवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात, असतो. ४३ हा १९८७ मध्ये उंदीरवर्गातल्याच रॅटच्या हृदयातून शोधला गेला, यकृतात आधी सापडलेल्या प्रोटीनशी साम्य बघून. आणि गंमत म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडी वापरून प्रोटीन ओळखायची चाचणी) तो एका पट्टीत कधीच येत नाही, फॉस्फेट चिकटल्यामुळे दोन-तीन पट्ट्या येतात एकीवर एक, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की तुमची अँटीबॉडी खराब आहे का. नाही हो, अँटीबॉडी चांगली आहे, प्रोटीनच तसं आहे.

आता निवांतपेशी, तुझ्या प्रश्नाकडे. चूक कुठे होतेय सांगू का, तू ४३ला एकमेव वायर समजतेयस. गर्भाच्या हृदयाची नळी जेव्हा पहिल्यांदा आकुंचन पावते तेव्हा ४३चा कारभार सुरूही झालेला नसतो धड. त्या वेळचा खरा मालक ४५. ४५ काढलेल्या उंदरांचे प्रयोग बघ, २००० मध्ये दोन गटांनी केले. त्यात हृदय सुरू होतं, साधारण एक दिवस चालतं, आणि मग संकेत वाटेत अडकायला लागतो, गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरतो. उंदराचे दिवस एकोणीस-वीस असतात हे लक्षात घे. शिवाय ज्यांच्यापासून पुढे झडपा व्हायच्या ते उशांसारखे उंचवटेही नीट बनत नाहीत.

तर सुरुवातीच्या हृदयाला कोणता कनेक्सिन लागतो, तर ४५. ४३ येतो मागाहून.

निवांतपेशी
अच्छा!! म्हणजे मी चुकीच्या माणसाला पकडलं. पण ४५ तर सगळ्यात मंद ना? मी वाचलं की ४०ची एक नळी साधारण २०० पिकोसीमेन्स (वीज किती वाहू देते त्याचं माप), ४३ची १०० च्या आसपास, आणि ४५ची जेमतेम ३०. एवढा कमी वीज वाहणारा प्रोटीन मालक कसा?

बुजुर्गतारा
निवृत्त विद्युत अभियंता आहे, जीवशास्त्रातलं मला विशेष कळत नाही, पण हा प्रश्न आमच्या खात्यातला आहे म्हणून तोंड घालतो.

कमी वाहकता म्हणजे कमी प्रतीची वायर असं तू धरतेयस बाळ, तसं नसतं. सायनस नोडचा, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या जागेचा, विचार कर. मूठभर पेशी, त्यांनी स्वतःहून पेटायचं आणि आख्ख्या कर्णिकेला (हृदयाच्या वरच्या कप्प्याला) पेटवायचं. शेजारी प्रचंड मोठा स्नायू, तो शांत बसलेला, ऋण विभवावर. नोडच्या पेशी त्या स्नायूला जाड तारेने जोडल्यास तर काय होईल? नोडमध्ये जमलेला थोडासा विद्युतभार लगेच बाहेर वाहून जाईल, विभव चढायच्या आतच खाली ओढलं जाईल, आणि नोड कधीच पेटणार नाही. लहानशा बॅटरीला मोठा भार जोडला की व्होल्टेज बसतं ना, तेच. म्हणून नोडला बारीक तारच हवी. स्वतःपुरतं पेटता यावं एवढी वेगळी, आणि बाहेर बातमी पोचावी एवढी जोडलेली. मला हे वाचल्यावर फार समाधान वाटलं की निसर्गालाही भार जुळवायची डोकेदुखी आहे.

लॅबकीटक
+१ काका. आणि नोडमध्ये ४५च (उंदरात ३०.२ सोबतीला) असतो, ४३ जवळजवळ नसतोच. नुसता कमी आहे असं नाही, मुद्दाम बंद ठेवलाय. टीबीएक्स३ नावाचं प्रोटीन तिथे बसून ४० आणि ४३ दोघांची जनुकं दाबून ठेवतं, सोडियम चॅनलचंसुद्धा.

टपलीमास्तर
म्हणजे हृदयात सेन्सॉर बोर्डही आहे.

डॉठोका
लहान मुलांच्या हृदयाचा डॉक्टर आहे, राउंडमधून आत्ता सुटलो, सलग लिहितोय, टायपो सांभाळून घ्या.

वरच्या दाबून ठेवण्याच्या मुद्द्यावरच थांबतो कारण माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे. विद्यार्थ्यांना आपण शिकवतो की गॅप जंक्शनमुळे संकेत जलद पसरतो, आणि मग ते जिथेतिथे जलद कसा होतो एवढंच शोधत बसतात. पण वाढणाऱ्या हृदयाची खरी करामत ही आहे की कुठे जलद होऊ द्यायचं नाही हे त्याने ठरवलेलं असतं.

बघा, सुरुवातीची नळी सगळीकडे सारखीच मंद असते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आकुंचनाची लाट हळूहळू सरकते, आतडं सरकतं तशी. झडपा नाहीत, पडदे नाहीत. मग नळीच्या बाहेरच्या बाजूने काही भाग फुगे फुगावेत तसे फुगायला लागतात, त्यांच्याच पुढे कर्णिका आणि जवनिका होणार. या फुगणाऱ्या भागात ४० आणि ४३ सुरू होतात, टीबीएक्स५ आणि एनकेएक्स२-५ ही जनुकं चालू करणारी प्रोटीनं त्यांना चालना देतात, आणि तो भाग जलद होतो. पण फुग्यांच्या मधला गळा, म्हणजे कर्णिका-जवनिकेमधला भाग, तसाच जुना, मंद ठेवला जातो. तिथे टीबीएक्स२ आणि टीबीएक्स३ ४०-४३ला येऊच देत नाहीत. त्यामुळे जलद-मंद-जलद असे टप्पे पडतात आणि मधल्या मंद टप्प्यात संकेत रेंगाळतो. कर्णिका आधी दाबली जाते, थोडं थांबून जवनिका. झडपा अजून बनायच्यात, पण तो मंद गळा सावकाश आवळला जात असल्यामुळे झडपेचंच काम करतो, रक्त मागे येत नाही. आणि म्हणूनच नोड, तंतू यातलं काहीही तयार नसलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातूनसुद्धा मोठ्या माणसासारखा दिसणारा ईसीजी काढता येतो. पुढे याच गळ्याच्या एका तुकड्यापासून एव्ही नोड, म्हणजे कर्णिकेकडून जवनिकेकडे संकेत थांबवून सोडणारा पुंजका, बनतो. म्हणजे मोठ्या माणसाच्या ईसीजीत पी (कर्णिकेची लाट) आणि क्यूआरएस (जवनिकेची लाट) यांच्यामध्ये जो थांबा दिसतो तो गर्भातल्या नळीची आठवणच समजा.

आकडे सांगायचे तर मोठ्या माणसात एव्ही नोडमध्ये संकेत सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर सरकतो, जवनिकेत संकेत पसरवणाऱ्या पर्किंजे तंतूंमध्ये २ ते ४ मीटर.

माणसात टीबीएक्स५ बिघडला की होल्ट-ओरॅम नावाचा आजार, हाताच्या हाडांत व्यंग, हृदयाच्या पडद्याला भोक, आणि संकेतवहनाची गडबड. एनकेएक्स२-५ बिघडला की पडद्याला भोक आणि एव्ही ब्लॉक, म्हणजे कर्णिकेचा संकेत जवनिकेपर्यंत नीट न पोचणं. या मुलांचं भोक बंद केलं तरी ब्लॉक वाढत राहू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं ईसीजी काढत बसावं लागतं.

मुक्तछंदी
डॉठोका, मस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.
अवांतर: कर्णिका-जवनिका वाचून बरं वाटलं. हल्लीची मुलं अलिंद-निलय म्हणतात. मला जवनिका हाच शब्द आवडतो, पडद्यामागे काहीतरी चाललंय असं वाटतं.

टपलीमास्तर
@मुक्तछंदी, धाग्याला फाटे फोडू नका, आधीच एकाला ब्लॉक झालाय.

शंकासूर
चांगलं चाललंय पण मला काही गोष्टी पटत नाहीयेत. मूळ प्रश्न बाजूला पडतोय. ४३ नसताना पिल्लाचं हृदय दिवस भरेपर्यंत नीट चालतं, त्या वेळी जवनिकेच्या स्नायूत ४५ अगदी थोडा उरलेला असतो आणि ४० तर नसल्यातच जमा. मग संकेत गेला कसा? 'दुसरे कनेक्सिन सांभाळतात' हे ठोकळेबाज उत्तर झालं. काही लोकांचं म्हणणं असं की शेजारच्या दोन पेशींची पटलं इतकी जवळ असतात की मधल्या फटीत सोडियम चॅनल एकदम उघडले तर फटीतलं विभव बदलूनच पुढची पेशी पेटू शकते, बोगद्याची गरजच नाही. इफॅप्टिक म्हणतात त्याला. सोडियम चॅनल नेमके पेशींच्या टोकांशी, गॅप जंक्शनच्या कडेलाच गोळा झालेले दिसतात, हा काय योगायोग?

लॅबकीटक
शंकासूर, योगायोग नाही हे मान्य. पण इफॅप्टिकवाल्यांचा बराच भर संगणकी मॉडेलवर आहे, आणि जिवंत स्नायूत दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवणं महाकठीण, कारण फट रुंद केली की गॅप जंक्शनही हलतात. मला वाटतं दोन्ही चालतं, जिथे कनेक्सिन कमी तिथे दुसऱ्याचं महत्त्व जास्त.

दुसरं, तू राखीव साठा विसरतोयस. ४३ची एक प्रत गेलेली, म्हणजे निम्मा ४३ असलेली जनावरं बघितली तर संकेताच्या वेगात फारसा फरक पडत नाही, काही प्रयोगशाळांना थोडा दिसला, काहींना दिसलाच नाही. प्रमाण फारच खाली गेलं की मगच गाडं घसरतं. निसर्गाने गरजेपेक्षा बरंच जास्त ठेवलंय.

आणि पूर्ण काढलं तर? २००१ चा प्रयोग आहे, ४३ फक्त हृदयाच्या स्नायूतून काढला, बाकी शरीरात शाबूत. हे निवांतपेशीने नक्की घ्यावं. ती पिल्लं जन्माच्या वेळी मेली नाहीत! हृदयाचा आकार चांगला, दाबण्याची ताकद चांगली, नळ तुंबलेला नाही. आणि दोन महिन्यांच्या आत एकूण एक अचानक मेली, ठोक्याची लय बिघडून. म्हणजे तुझी वायर आणि तुझा नळ दोन वेगळे निघाले.

निवांतपेशी
थांबा थांबा. म्हणजे सगळीकडून काढला तर नळ तुंबतो, आणि स्नायूतूनच काढला तर वायर जाते पण नळ ठीक. मग नळ तुंबवणारा ४३ स्नायूतला नाहीच?

लॅबकीटक
शाब्बास. तिथून पुढे न्यूरल क्रेस्ट नावाच्या गर्भातल्या पेशी. पाठीकडच्या भागातून निघून या पेशी चालत चालत हृदयाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेपर्यंत येतात आणि महाधमनी नि फुप्फुसधमनी वेगळ्या करायला हातभार लावतात. त्यांच्यातही ४३ असतो. तो कमी झाला की त्यांचं चालणं बदलतं. आणि उलट, ४३ जास्त बनवणारे उंदीर तयार केले तर त्यांच्यातही बिघाड कुठे? त्याच उजव्या वाटेवर! जास्त झाला तरी तिथे, कमी झाला तरी तिथे. या पेशींना वीज वाहायची नाहीये, त्यांना आपापसात काहीतरी ठरवत चालायचंय, आणि बोगद्यातून फक्त आयन जात नाहीत, हजार डाल्टनपर्यंतचे छोटे रेणू, निरोप देणारे, सगळे जातात.

डॉठोका
इथे एक सावधगिरीचा मुद्दा. उंदरातलं हे कळल्यावर माणसातही शोधाशोध झाली, १९९५ मध्येच हृदयाची डावी-उजवी बाजू चुकलेल्या काही मुलांमध्ये ४३चे बदल सापडल्याचं छापून आलं, मोठा गाजावाजा झाला, आणि नंतर इतरांनी तसेच रुग्ण तपासले तर त्यांना ते सापडेनात. ४३च्या जनुकाचे खरे पक्के रुग्ण ज्या आजाराचे निघाले तो डोळे, दात आणि बोटांचा, ऑक्युलोडेंटोडिजिटल डिस्प्लेसिया, २००३ मध्ये जनुक कळलं. बारीक डोळे, जुळलेली बोटं, दातांचं आवरण कच्चं. आणि हृदय? बहुतेकांचं ठीकठाक! म्हणून स्लाइडवर 'कनेक्सिन ४३ बिघडला की जन्मजात हृदयरोग' असं सरधोपट लिहू नकोस.

टपलीमास्तर
हृदयाचा प्रोटीन म्हणून आणला आणि दातांचा निघाला.

नवी_आई
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. विषय दिसला म्हणून थांबले. माझ्या बाळाचा पोटात असतानाच विसाव्या आठवड्यात ठोका ५८ निघाला. कर्णिका १४० ने चाललेली, जवनिका ५८ ने, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला कसलाही त्रास नव्हता, तपासल्यावर रक्तात अँटी-रो नावाच्या, स्वतःच्याच शरीरातल्या प्रोटीनवर उठणाऱ्या अँटीबॉडी निघाल्या. एका डॉक्टरांनी तर 'तुमच्या अँटीबॉडीजनी बाळाच्या हृदयाची तार तोडली' असंच सांगून टाकलं, ते वाक्य अजून कानात आहे. बाळाला आता पेसमेकर आहे, तीन वर्षांची आहे, घरभर पळते. मला एवढंच विचारायचंय की हे जे तुम्ही कनेक्सिन म्हणताय ते तुटलं का तिच्यात?

डॉठोका
ताई, आधी हे सांगतो की असं वाक्य तुमच्या तोंडावर टाकायला नको होतं. अँटीबॉडी तुमच्या शरीरात आहेत म्हणजे तुम्ही काही केलंत असं नाही. अँटी-रो असलेल्या स्त्रियांपैकी १ ते २ टक्क्यांच्याच बाळांना ब्लॉक होतो, बाकीच्यांना काहीही होत नाही, आणि तुमच्यासारख्या कित्येकींना बाळाच्या तपासणीपर्यंत आपल्यात हे आहे याचा पत्ताच नसतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कनेक्सिन तुटलं म्हणून नव्हे. अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, एव्ही नोडच्या जागी दाह होतो, आणि तिथे व्रण पडल्यासारखं तंतुमय ऊतक तयार होतं. पेशीच गेल्या की बोगदे कुणाचे जोडणार? शिवाय नोडच्या पेशी पेटतात त्या मुख्यतः कॅल्शियम चॅनलवर, आणि या अँटीबॉडी त्या चॅनलनाही त्रास देतात असं प्रयोगात दिसलंय. हे बहुतेक १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान घडतं, म्हणून ज्यांच्यात अँटीबॉडी आधीच माहीत आहेत त्यांची त्या काळात डॉप्लरवर कर्णिका आणि जवनिकेतलं अंतर मोजत राहतात.

पुढच्या खेपेचा विचार असेल तर संधिवाताच्या आणि गर्भहृदयाच्या डॉक्टरांशी आधीच बोला. आधीचं बाळ असं असेल तर पुन्हा होण्याची शक्यता १६-१८ टक्के धरतात, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने ती पूर्वीच्या आकड्यांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय. पण औषध त्यांना भेटूनच, इथे वाचून नको.

नवी_आई
मनापासून आभार. आज पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. पेशी गेल्या, तार नाही. लिहून ठेवते.

मुक्तछंदी
नवी_आई, लेकीला खूप प्रेम. पळू दे घरभर.

बुजुर्गतारा
ताईंच्या बाळाला आशीर्वाद.
मला एक शंका आहे. सुरुवातीला नोडच नाही, तर पहिला ठोका कोण देतं? कुणीतरी पहिली ठिणगी टाकत असेल ना?

लॅबकीटक
काका, याच्यावर २०२३ मध्ये झेब्रा माशावर सुंदर काम झालंय. त्याचा गर्भ पारदर्शक, कॅल्शियम वाढला की चमकणारं प्रोटीन घालून थेट बघता येतं. फलनानंतर साधारण २० तासांनी पहिला ठोका पडतो. वाटलं होतं की दोन-चार पेशी आधी फडफडतील, मग हळूहळू बाकीच्या सामील होतील. तसं झालं नाही. सगळ्या ऊतकात कॅल्शियम हळूहळू चढत होतं, आणि एका क्षणी आख्खं हृदय एकदम पेटलं, पहिल्याच ठोक्याला. पहिले ठोके अनियमित, सुरुवातीची जागाही माशागणिक वेगळी. काही तासांत लय बसते. म्हणजे जोडण्या आधीच झालेल्या होत्या, ठिणगीचा असा खास मानकरी ठरलेलाच नव्हता, ज्याचा उंबरठा आधी गाठला गेला तिथून सुरू.

माणसात हृदय साधारण २२व्या दिवशी सुरू होतं, फलनापासून मोजून. पाळीपासून मोजलं तर सहावा आठवडा नुकताच लागलेला.

शंकासूर
माझ्या इफॅप्टिकवर पुढे कुणीच बोलत नाहीये, हरकत नाही. पण जोडण्यांच्या बाजूने एक गोष्ट मीच देतो. १९५२ मध्ये वाइडमान यांनी पर्किंजे तंतूत वीज सोडून ती किती लांब पसरते ते मोजलं. सुमारे २ मिलिमीटर निघालं, आणि एक पेशी साधारण ०.१ मिलिमीटरची. म्हणजे वीज कितीतरी पेशी ओलांडून आरामात जाते. आणि दोनच वर्षांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं की पेशी चक्क वेगळ्या आहेत, प्रत्येकीला स्वतःचं पटल आहे, हृदय म्हणजे एकसंध जाळं नाही. मग वीज जाते कुठून? १९६७ मध्ये रेव्हेल आणि कार्नोव्स्की यांनी फटीत लँथेनम (सूक्ष्मदर्शकात गडद दिसणारा धातू) भरलं तेव्हा षटकोनी ठिपक्यांची नक्षी दिसली. १५ वर्षं लोक या कोड्यावर भांडत होते. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकात एंगलमानने पाहिलं होतं की हृदयाच्या पेशी जगतात एकत्र पण मरतात एकेकट्या. एक जखमी झाली की शेजारणी तिच्याशी संबंध तोडतात.

टपलीमास्तर
हे फारच ओळखीचं वाटतंय. ऑफिसात असंच असतं.

डॉठोका
ते 'संबंध तोडणं' खरंच आहे. जखमी पेशीत कॅल्शियम चढतं, आम्लता वाढते, दोन्हीमुळे बोगदे मिटतात. नाहीतर एका पेशीच्या मरणाबरोबर सगळ्या रांगेचा भार वाहून गेला असता. हृदयविकाराचा झटका आल्यावर मृत भागाच्या कडेला मात्र उलटी गंमत होते, जिवंत पेशींत ४३ टोकांवरून सरकून कडांवर जाऊन बसतो आणि तिथूनच लय बिघडायला सुरुवात होऊ शकते.

आणि कडांवर ४३ असणं ही बाळांच्या हृदयाची नेहमीची अवस्था! हे मी मुद्दाम शेवटी राखलं होतं. नवजात बाळाच्या जवनिकेत ४३ पेशीच्या सगळ्या पृष्ठभागावर विखुरलेला असतो. पेशींना टोकाला टोक चिकटवून ठेवणारी प्रोटीनं आधी टोकांवर जातात, ४३ त्यांच्या मागून रेंगाळत जातो, आणि माणसात मोठ्यांसारखी मांडणी पूर्ण व्हायला साधारण वयाची सहा वर्षं लागतात. सहा! आपण म्हणतो हृदय गर्भात आठव्या आठवड्याला तयार झालं. आकार झाला हो. वायरिंग शाळेत जायच्या वयापर्यंत चालूच असतं. टोकांवर गेल्यामुळेच मग संकेत तंतूच्या लांबीच्या दिशेने जास्त जलद आणि आडवा कमी जलद जातो.

निवांतपेशी
हे मला कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. एक शेवटचं, लॅबकीटक, ४३च्या जागी दुसरा कनेक्सिन बसवला तर चालतं का? कुणीतरी हमखास विचारणार.

लॅबकीटक
केलंय ते, २००० मध्ये. ४३च्याच जनुकाच्या जागी ४० किंवा यकृतातला ३२ बसवला. पिल्लं जगली, नळ तुंबला नाही. म्हणजे जगण्यापुरता कुठलाही बोगदा चालतो. पण मोठे झाल्यावर ठोक्याच्या कुरबुरी, हृदयाच्या आकारात बारीकसारीक फरक, आणि नर वांझ. ज्याचं त्याने करावं ते शेवटी ज्याचं त्यालाच जमतं.

अजून एक टाक स्लाइडवर, लोक जागे होतात त्याने. हृदयातल्या ४३चं अर्धायुष्य काही तासांचं आहे. लाल रक्तपेशी १२० दिवस टिकते, आणि ज्याच्यावर प्रत्येक ठोका पसरतो तो प्रोटीन आज सकाळचा रात्रीपर्यंत बहुतेक बदललेला असतो.

बुजुर्गतारा
चालू लाइनवर, वीजपुरवठा न थांबवता, दर काही तासांनी सगळ्या जोडण्या बदलायच्या? आमच्या खात्यात असा प्रस्ताव आणला असता तर मला वेड्यात काढलं असतं.

निवांतपेशी
(आठ दिवसांनी) झालं एकदाचं! सगळ्यांचे आभार. पहिलीच स्लाइड 'वायर कापली आणि नळ तुंबला' ठेवली, लोक हसले, मग ऐकायलाही लागले. डॉठोका, तुमचं 'कुठे जलद होऊ द्यायचं नाही' मधोमध वापरलं. शंकासूर, इफॅप्टिकला पूर्ण एक स्लाइड दिली, आणि नेमका त्याच्यावरच सगळ्यात जास्त वाद झाला.
शेवटी मॅडमनी विचारलं, "आणि ४० काढला तर?" मी म्हटलं जगतात, जवनिकांकडे संकेत नेणाऱ्या फांद्यांमध्ये तो मंदावतो, ईसीजीत बंडल ब्रँच ब्लॉक दिसतो. त्या म्हणाल्या, "आणि ४० आणि ४३ दोन्ही?" तिथे माझी दांडी उडाली.

शंकासूर
नवीन धागा काढ. मी येतोच.

टपलीमास्तर
आणि या वेळी नळाचं आधीच सांगून ठेव.